चंद्रावरची धूळ घरात येऊ नये म्हणून

धूळ झटकू नका. चंद्रावर राहायला जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगेन. झटकलेली धूळ कुठेही जात नाही, कपड्यावरून उठते आणि जवळच्या माणसाच्या छातीत शिरते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषधांच्या कारखान्यात मी २६ वर्षं क्लीन रूमची सुपरवायझर होते. इंजेक्शनच्या कुप्या भरायचं खातं. औषध बनवणारे वेगळे होते. आत येणाऱ्या माणसाबरोबर काय काय आत येतं, ते अडवणं हे माझं काम. पण धुळीशी ओळख त्याच्या कितीतरी आधीची, लालबागच्या चाळीतली. अण्णा गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. पहिल्या पाळीहून परत आले की भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं तूस असायचं. रविवारची सुट्टी संपून सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळून यायची, आठवडा सरत आला की जरा बरं वाटायचं. त्या खात्यातल्या कितीतरी जणांचं तसंच होतं. त्या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात आणि सोमवारी जास्त होणं ही त्याची खूण आहे, हे मला पुढे नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये कळलं. तोवर अण्णांची फुप्फुसं गेली होती.

यंदा माझी नववीतली भाची शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चंद्रावरच्या वस्तीचं मॉडेल करत होती. थर्माकोलचा घुमट, आत खाटा, भाजीची कुंडी, बाहेर गाडी. सगळं सुबक केलं होतं. दार मात्र एकच. मी विचारलं, "अगं, हा माणूस बाहेरून आला की बूट कुठे काढणार?" ती म्हणाली, "आतच ना, मावशी." तिच्यासाठी त्या रात्री लिहायला बसले आणि ते वाढत वाढत इथवर आलं.

आधी धूळ ओळखा

जुहूची वाळू तळहातावर चोळून बघा. लाटांनी वर्षानुवर्षं घासून तिचे कोपरे मोडलेले असतात. चंद्रावर लाटा नाहीत, वारा नाही, पाऊस नाही. तिथला खडक उल्कांच्या माऱ्याने कोट्यवधी वर्षं फुटत आलाय, काही ठिकाणी वितळून त्याची काच झालीय, ती काचही पुन्हा फुटलीय. त्यामुळे तिथल्या कणाला धार असते. ही धार बोथट करणारं तिथे काहीच नाही. मातीचा जवळपास निम्मा भाग केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून बारीक आहे, आणि वजनाने दहा ते वीस टक्के तर २० मायक्रॉनच्याही खाली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्याकडे ज्याला खकाणा म्हणतात, तसा, पण काचेचा.

शिवाय ही धूळ चिकटते. दिवसा सूर्याच्या अतिनील किरणांनी कणांवर धन भार येतो, रात्रीच्या बाजूला ऋण. आपल्याकडे हवेतला ओलावा असा भार वाहून नेतो. म्हणून तर जुलैत मुंबईत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग फसतो आणि जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या सकाळी जमतो. चंद्रावर ओलावा नाही, भार तसाच राहतो, आणि धूळ अंतराळवीराच्या सूटच्या कापडाला धरून बसते.

हे वाचून पुरेसं कळत नाही, हाताला कळायला हवं. आपण मुंबईकर यात नशीबवान आहोत. चंद्रावर डोळ्यांना दिसणारे काळे डाग बेसॉल्टचे आहेत आणि आपल्या पायाखालचा, सह्याद्रीचा काळा दगडही बेसॉल्टच. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात क्रशरची स्टोन डस्ट मिळते. मूठभर आणा. मोठ्या माणसाने एन-९५ मास्क लावून, वारा नसेल तेव्हा गच्चीवर, मैद्याच्या जुन्या चाळणीने चाळा. मुलांना चाळायला देऊ नका. चाळून आलेली चमचाभर भुकटी पुरे. सुती कापडाचा, रेनकोटच्या नायलॉनचा आणि वेल्क्रोचा एकेक तुकडा घ्या आणि तिन्हींवर ती बोटाने हलकी दाबा. मग एकावर कोरडा ब्रश, एकावर ओलं फडकं, एकावर चिकटपट्टी असं आलटून पालटून करून बघा. वेल्क्रोतून ती शेवटपर्यंत निघत नाही. रेनकोटवरून निघाली असं वाटतं, पण खोलीत अंधार करून टॉर्च कापडाला जवळजवळ समांतर, आडवी धरा. प्रत्येक कणाची लांब सावली पडते. आमच्याकडे हीच तपासणी होती. वरून लख्ख दिसणारं टेबल आडव्या उजेडात नापास व्हायचं.

भाचीने चिकटपट्टीचा प्रयोग करताना एक गोष्ट आपणहून टिपली: धुळीच्या कापडावर पट्टी चिकटतच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उतरताना

यानाच्या इंजिनाचा झोत जमिनीवर आदळतो आणि हवा नसल्यामुळे उडालेल्या कणांना अडवणारं काही नसतं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम उतरला तेव्हा इस्रोच्या हिशेबाप्रमाणे २.०६ टन माती १०८.४ चौरस मीटर जागेत विस्थापित झाली. माणसं नेणारं यान याच्या कितीतरी पट जड असेल. माणसं घेऊन गेलेलं अमेरिकेचं अपोलो १२ हे यान नोव्हेंबर १९६९ मध्ये सर्व्हेयर ३ या जुन्या यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरलं. वैमानिकांनी सर्व्हेयरचे सुटे भाग परत आणले, तर त्यांवर वाळूचा मारा केल्यासारख्या खुणा होत्या, अपोलोच्याच झोताने केलेल्या.

तेव्हा उतरायची जागा वस्तीपासून लांब ठेवा, मध्ये मातीचा बांध घाला किंवा एखादा उंचवटा असू द्या. जमलं तर माती तापवून, वितळवून घट्ट केलेला तळ तयार करा. त्यावर अजून काम चालू आहे. वस्ती उभारताना पहिलं काम हेच ठेवा, कारण प्रत्येक फेरीला हा मारा पुन्हा होणार.

गाडी

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी धुळीचे नियम काढले. पत्र्याचं कुंपण, हिरवं कापड, पाण्याचा फवारा, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकं धुणं. आमच्या चाळीशेजारी टॉवर चढतोय, त्यामुळे हे नियम मला पाठ आहेत. चाक धुवायचा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो आणि रस्त्यावर माती सगळ्यांत जास्त त्यानेच येते. चंद्रावर चाकं धुवायला पाणी नाही, मग चाकाची धूळ चाकापाशीच थांबवायची. त्यासाठी मडगार्ड हवं.

डिसेंबर १९७२, अपोलो १७. अंतराळवीर यूजीन सर्नन यांच्या खिशातला हातोडा अडकला आणि गाडीच्या मागच्या उजव्या मडगार्डचा तुकडा तुटला. त्यांनी तो चिकटपट्टीने जोडला. धुळीवर पट्टी धरली नाही, तुकडा पडला, आणि चाकाने उडवलेली माती त्यांच्या आणि जोडीदार हॅरिसन श्मिट यांच्या अंगावर पावसासारखी पडत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड कागदाचे चार नकाशे यानाच्या आतच एकमेकांना चिकटवले आणि बाहेर नेऊन क्लॅम्पने गाडीला आवळले. ते टिकलं.

यातून दोन गोष्टी घ्या. चिकटवायचं काम घरात करा आणि बाहेर फक्त आवळायचं, अडकवायचं, बांधायचं काम ठेवा. सुटं मडगार्ड पहिल्याच दिवशी सामानात असू द्या. बॅटरीच्या उष्णता सोडणाऱ्या आरशांवर धूळ बसली की बॅटरी तापते, हे अपोलोच्या गाड्यांना भोवलंय. तेव्हा प्रत्येक थांब्यावर आधी ते आरसे बघा.

चालताना फार शिकवण्यासारखं नाही. पाय ओढू नका, गुडघे टेकू नका, पडलेली वस्तू लांब चिमट्याने उचला.

पडवी, ओटी, माजघर

आता दार. या सगळ्याचा जीव इथे आहे.

अण्णांच्या कोकणातल्या घरी अंगणातून आलेला माणूस थेट माजघरात जात नसे. अंगणात पाय धुवायचे, पडवीत कोयता-टोपली ठेवायची, ओटीवर बसायचं, मग आत. ज्यांनी ही घरं बांधली त्यांना पावसाळ्यातला चिखल माहीत होता. क्लीन रूममध्ये मला हीच रचना भेटली, फक्त नावं इंग्रजी होती. चंद्रावरच्या वस्तीलाही तीन खोल्या द्या.

पडवीत हवा नसावी. खालची जमीन जाळीची, धरायला दांडे, बुटांसाठी ताठ ब्रश, अंगासाठी मऊ ब्रश. धुळीचा मोठा भाग इथेच काढायचा, आणि इथेच काढायचा याला कारण आहे. निर्वात जागेत धूळ तरंगत नाही. सर्वांत बारीक कणही दगडासारखा सरळ खाली पडतो, जाळीतून निघून जातो. तोच कण हवा भरलेल्या खोलीत सुटला तर तरंगत राहतो, आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या भागाएवढं असल्यामुळे त्याला खाली बसायला सहापट वेळ लागतो. चंद्रावर बाहेरची धूळ शांत आणि घरातली अवखळ. अपोलोच्या वैमानिकांना अशी पडवी नव्हती. एकच खोली, ती उघडायची, बंद करायची, हवा भरायची, आणि सूटवरची सगळी भुकटी त्या हवेत. हेल्मेट काढताच त्यांना जळलेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास यायचा. श्मिट यांचं नाक चोंदलं, घशात खवखव झाली, परागकणांच्या ॲलर्जीसारखी.

अवजारं पडवीतच राहतील. हातोडा, फावडं, नमुन्यांची पेटी, काहीही आत येणार नाही. नमुना आत घ्यायचाच असेल तर भिंतीतल्या दोन दारांच्या कप्प्यातून, दुहेरी पिशवीत. आम्ही त्याला पास बॉक्स म्हणायचो. एक दार उघडं असताना दुसरं उघडूच नये अशी कडी हवी, माणसाच्या आठवणीवर हे सोपवू नका.

ओटीत हवा भरा, पण हळू. जोरात सोडलेली हवा फरशीवरचा कण न् कण उठवते. हवा छतातून यावी आणि पायाशी असलेल्या जाळीतून ओढली जावी. आमच्याकडे एका खोलीत ओढायची जाळी चुकून वर बसवली होती. तिथली हवेतल्या कणांची मोजणी कधीच खाली आली नाही, जाळी खाली आणल्यावर आली.

ओटीच्या मधोमध एक बाक असावा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाकाच्या अलीकडे मळकं, पलीकडे स्वच्छ. बसायचं, वरचं पादत्राण अलीकडे काढायचं, तो पाय जमिनीला न लावता पलीकडे न्यायचा, मग दुसरा. नव्या मुलांना मी सांगायचे, हा उंबरठा आहे, यावर एक पाय इकडे एक पाय तिकडे असं उभं राहायचं नाही. सूट काढताना बाहेरची बाजू आत गुंडाळत जा, मोजा उलटा काढतो तसा, आणि गुंडाळी झाली की ती पिशवीत.

सूट आतच न आणायचा एक उपाय आहे. तो घराच्या भिंतीला बाहेरून टांगलेला असतो, माणूस त्याच्या पाठीतल्या दारातून आत शिरतो आणि तसाच मागे घरात येतो. त्याला सूटपोर्ट म्हणतात. रोजच्या फेऱ्यांसाठी मला तो फार आवडतो. पण सूट कधीतरी फाटणार, सांधा अडकणार, दुरुस्तीला आत घ्यावा लागणार, म्हणून ओटी काढून टाकू नका.

माजघरात हवेचा दाब ओटीपेक्षा किंचित जास्त ठेवा. आमच्याकडे एका खोलीत आणि दुसरीत १० ते १५ पास्कलचा फरक असायचा. कळणारही नाही एवढा, पण दार उघडलं की वारा नेहमी आतून बाहेर. घरी बघायचं असेल तर स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा लावा, दार बोटभर उघडं ठेवा आणि फटीशी उदबत्ती धरा. धूर स्वयंपाकघरात ओढला जातो. ती तुमची ओटी, तुम्ही उभे आहात ते माजघर. चंद्रावर उदबत्ती पेटवता येणार नाही, तिथे फटीशी टिश्यूची अरुंद पट्टी लावून ठेवा. पट्टी माजघराकडे वळली की दार बंद करून पंख्याकडे बघा.

सूट पुसताना

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या कपडे बदलायच्या खोलीत कणांची मोजणी रोज पावणेतीनला उसळायला लागली. फिल्टर तपासला, गळती तपासली, सगळं ठीक. शेवटी मी पार्टिकल काउंटर, म्हणजे कण मोजायचं यंत्र घेऊन पाळी बदलताना कोपऱ्यात उभी राहिले. आमचा सर्वांत जुना ऑपरेटर, कामात अतिशय चोख, डोक्यावरचं हूड काढून पावसातून आल्यावर छत्री झटकावी तसं एकदा झटकत होता. पडद्यावरचा आकडा त्या झटक्याबरोबर वर जायचा आणि खाली यायला बराच वेळ घ्यायचा. मी त्याला बोलले नाही. काउंटर त्याच्या हातात दिला आणि माझं हूड झटकून दाखवलं. त्यानंतर तो नव्या मुलांना हेच शिकवायला लागला.

पुसायची रीत अशी. फडकं दोनदा दुमडून चौपदरी करा, म्हणजे पालटत गेलं की आठ बाजू मिळतात. वरून खाली जा, आधी हेल्मेट, मग खांदे, हात, छाती, शेवटी पाय. एकाच दिशेने ओढा, गोल गोल फिरवू नका. एक पट्टा झाला की घडी पालटा. वापरलेली बाजू पुन्हा लावली तर तीच भुकटी पुढे सारवली जाते. फरशीचं पोतेरं आणि ओट्याचं फडकं आपण घरी वेगळं ठेवतोच, तसं बुटांचं आणि हेल्मेटचं फडकं कायम वेगळं.

आणि घासू नका. ही धूळ काचेची आहे, घासलं की ती कानस होते. अपोलो १७ वर श्मिट यांच्या हेल्मेटचा उन्हापासून वाचवणारा पडदा इतका ओरखडला की काही दिशांना त्यांना नीट दिसेना. काच आधी धूळ ओढणाऱ्या पंपाने साफ करा, मग हवं तर पुसा.

सांधे आणि सीलच्या खाचा यांना सगळ्यांत जास्त वेळ द्या. अपोलो १२ वर अंतराळवीर पीट कॉनरॅड यांचा सूट पहिल्या फेरीआधी घट्ट होता. पहिल्या फेरीनंतर गळती मिनिटाला ०.१५ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप), दुसरीनंतर ०.२५. मर्यादा होती ०.३०. चंद्रावर त्यांनी दीड दिवसही काढला नव्हता. जिथे महिनोन् महिने राहायचंय तिथे प्रत्येक फेरीनंतर गळती मोजून वहीत लिहा. आकडा चढायला लागला की सूट बाजूला काढा, मर्यादेची वाट बघू नका. खडक ठेवायच्या हवाबंद पेट्यांच्या कडांवरही धूळ बसली आणि त्याही गळल्या. त्यामुळे कोणतीही कड बंद करण्याआधी ती पुसायची, ही सवय हाताला लावून घ्या, डबा असो, दार असो.

नव्या युक्त्या चांगल्या येताहेत. काचेवर बारीक तारांचं जाळं घालून त्यातून बदलता विद्युतदाब सोडला की भारित धूळ आपोआप सरकत कडेला जाते. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट हे यान चंद्रावर उतरलं, त्यावर नासाने हे करून दाखवलं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी बाहुलीएवढ्या सूटवर द्रवरूप नायट्रोजन फवारून नकली चंद्रधूळ काढली. निर्वात पेटीत ९८ टक्क्यांहून जास्त निघाली. चंद्राच्या धुळीतल्या काचेत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असल्यामुळे चुंबकही कामाला येतो. हे सगळं जरूर न्या. पण वीज गेली, टाकी रिकामी झाली, तरी फडकं आणि घडी कशी पालटायची ते प्रत्येकाला यायला हवं.

घरातली हवा

नासाची मर्यादा आहे: सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामात, १० मायक्रॉनहून बारीक चंद्रधूळ हवेत सरासरी घनमीटरला ०.३ मिलिग्रॅमच्या आत. हा आकडा मी भाचीला आमच्या खोलीत बसवून दाखवला. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंच, म्हणजे सुमारे २८ घनमीटर. त्यात साडेआठ मिलिग्रॅम. बासमतीच्या एका दाण्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाची भुकटी, संपूर्ण खोलीत पसरलेली. तेवढीच चालेल.

म्हणून मोजणारं यंत्र प्रत्येक खोलीत, झोपायच्या उंचीला लावा. आकड्याबरोबर वेळ आणि त्या वेळी कोण काय करत होतं तेही लिहा, कारण मला तो पावणेतीनचा झटका वेळेमुळेच सापडला. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो. त्याच्याआधी जाड कणांसाठी स्वस्त, धुता किंवा टाकता येणारा फिल्टर ठेवा, नाहीतर महागडा हेपा काही आठवड्यांत तुंबेल.

फिल्टर बदलायचा दिवस सर्वांत वाईट. महिनाभर अडवलेली धूळ एका हिसक्यात मोकळी होऊ शकते. जुना फिल्टर बाहेर काढताना तो पिशवीतच सरकवायचा, पिशवीचं तोंड बांधून मगच कापायचं, नवा दुसऱ्या पिशवीतून आत घालायचा. मास्क लावायचा आणि खोलीत दुसरं कुणी नको. घाईच्या दिवशी हे काम काढू नका.

घरात केरसुणी नको, कोरडा झाडू नको. ओलं फडकं आणि फिल्टर लावलेला व्हॅक्यूम. पाणी कमी असेल तरी यासाठी राखून ठेवा.

मंगळावर काय बदलतं

पडवीचा नियम इथे मोडतो. मंगळाला हवा आहे, विरळ असली तरी आहे, आणि तिथली तरंगणारी धूळ सुमारे ३ मायक्रॉनची. ती पडवीतही तरंगेल. कुणी बाहेर गेलं नाही तरी वादळ धूळ आणून दारात टाकेल. त्यामुळे मंगळाच्या पडवीला ओढून घेणारे पंखे आणि स्वतःचे फिल्टर लागतील.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं, साधारण अर्धा ते एक टक्का. हे मीठ थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. ते पाण्यात सहज विरघळतं, म्हणून ओल्या फडक्याने छान निघतं, पण फडकं पिळलेलं पाणी मग विषारी होतं. ते प्यायच्या पाण्याच्या शुद्धीकरणात कधीही सोडू नका. वेगळी बादली, वेगळी नळी, वेगळ्या रंगाचं झाकण. ओटीतून आल्यावर हात धुतल्याशिवाय घास तोंडात नाही. मंगळाच्या मातीत भाजी लावायचा विचार असेल तर ती माती आधी धुवावी लागेल.

सौर पॅनलवर धूळ बसणार हे धरून चाला. ऑपर्च्युनिटी गाडी ९० मंगळ-दिवसांसाठी गेली आणि २००४ पासून २०१८ पर्यंत चालली, कारण अधूनमधून वाऱ्याने पॅनल साफ व्हायचे. शेवटी २०१८ च्या वादळानेच तिचा आवाज बंद झाला. इनसाइट यानाने मे २०२१ मध्ये एक सुंदर गोष्ट केली. पॅनलवर धूळ साचली होती, तर त्याच्या हाताने पॅनलशेजारी जाड वाळू सोडली. वाऱ्याबरोबर ती वाळू पॅनलवरून उड्या मारत गेली आणि जाताना बारीक धूळ घेऊन गेली. रोजची जवळजवळ ३० वॉट-तास वीज वाढली. भांडी घासायला आपल्या आज्या राख-मातीच वापरायच्या, मला तेच आठवलं. तरीही २०२२ च्या अखेरीस इनसाइट धुळीमुळेच थांबलं. माणसं असतील तिथे वीज फक्त सूर्यावर ठेवू नका.

परत निघताना

चंद्रावरून यान उडून कक्षेत पोचलं की वजन नाहीसं होतं आणि फरशीवर निजलेली सगळी धूळ एकदम वर येते. अपोलो १२ च्या परतीला असंच झालं. हवेत इतकी भुकटी तरंगत होती की कॉनरॅड आणि त्यांचे जोडीदार ॲलन बीन यांनी कपडे उतरवून ठेवले आणि मगच ते कक्षेत वाट पाहणाऱ्या मुख्य यानात गेले. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फरशी, कोपरे, खुर्च्यांखालची जागा दोनदा पुसा, शेवटची पुसणी टॉर्च आडवी धरून तपासा. जे चंद्रावरच टाकता येईल ते टाका. उड्डाणानंतर हवा गाळली जाईपर्यंत हेल्मेट काढू नका.

उरलेलं सगळं सीलबंद पिशव्यांत. आणि पिशवी भरणाऱ्याने ती उघडणाऱ्याचा विचार करायचा. अपोलोचे सूट पृथ्वीवर आल्यावर ते यानातून काढणाऱ्या एका डॉक्टरला धुळीची ॲलर्जी झाली आणि दर खेपेला ती वाढत गेली. ते कधी चंद्रावर गेले नव्हते. माझी आई कधी गिरणीत गेली नव्हती. अण्णांचा शर्ट ती रोज गॅलरीच्या कठड्यावर धरून दोनदा झटकायची, आणि पन्नाशीत तिलाही खोकला लागला. तो त्या शर्टांमुळेच लागला असं कुठल्या डॉक्टरने सांगितलं नाही, पण मला तो कठडा विसरता येत नाही.

प्रत्येक पिशवीला लेबल लावा, मोठ्या अक्षरांत, घरच्या भाषेत: आत काय आहे. कुणाच्या अंगावर होतं, किती फेऱ्या. शेवटची पुसणी कधी, कुणी केली. उघडायची जागा: खालून हवा ओढणारी खोली. उघडणाऱ्याने मास्क, हातमोजे, चष्मा घालावा. हळू उघडा. झटकू नका.